एक्समोडेमचा चेकसम जुळत नसेल तर: नवोदितांसाठी तपासणीचा क्रम

वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये शिकागोत लिहिलेला एक्समोडेम हा फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल आजही बूटलोडरमध्ये, नेटवर्क उपकरणांमध्ये आणि मायक्रोकंट्रोलरचे फर्मवेअर बदलताना भेटतो, कारण तो अगदी लहान प्रोग्रॅममध्ये मावतो आणि त्याला सिरियल पोर्टाखेरीज काहीही लागत नाही. याच साधेपणामुळे सिरियल संवाद शिकणाऱ्यांना तो स्वतः लिहून पाहावासा वाटतो आणि मग पडद्यावर ‘चेकसम जुळत नाही’ हा संदेश येऊन काम अडते. चेकसम म्हणजे चूक ओळखण्यासाठी माहितीसोबत पाठवलेली तिच्या बाइटांची बेरीज. या संदेशाचा अर्थ मर्यादित आहे: दोन्ही बाजूंनी ज्या बाइटांची बेरीज केली ते बाइट एकच नव्हते, किंवा बेरजेची रीत एक नव्हती. यांपैकी काय घडले हे अंदाजाने ठरवून कोड बदलत बसू नये. न जुळणाऱ्या दोन आकड्यांमधला फरक किती आहे आणि चूक कोणत्या ब्लॉकवर होते, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा कारण सापडते.

पुढे सर्व मूल्ये दशमान पद्धतीत दिली आहेत. डम्प, म्हणजे बाइटांची जशीच्या तशी छापलेली नोंद, पाहताना ती हेक्समध्ये (षोडशमान पद्धतीत) दिसतील, हे ध्यानात ठेवावे.

पॅकेटची रचना

मूळ एक्समोडेमचे पॅकेट १३२ बाइटांचे असते. पहिला बाइट पॅकेटची सुरुवात दाखवणारा एसओएच, म्हणजे १. दुसरा ब्लॉक क्रमांक, जो १ पासून सुरू होतो आणि २५५ नंतर ० वर येतो. तिसरा बाइट त्या क्रमांकाचा पूरक, म्हणजे २५५ उणे क्रमांक. त्यानंतर १२८ बाइटांची माहिती आणि शेवटी चेकसमचा एक बाइट. हा चेकसम म्हणजे माहितीच्या फक्त १२८ बाइटांची बेरीज करून, तिला २५६ ने भागल्यावर उरलेली बाकी. घेणारी बाजू नॅक, म्हणजे २१ हा बाइट पाठवून सुरुवात करते. पॅकेट पटले की अ‍ॅक, म्हणजे ६, आणि न पटल्यास पुन्हा नॅक पाठवते. १२८ हा आकडा सीपी/एम या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या सेक्टरच्या आकारावरून आला आहे.

पहिली पायरी: बाइट नोंदवावेत, पण छापू नयेत

आलेल्या पॅकेटचे सर्व बाइट आहेत तसे समोर असल्याशिवाय पुढचा कोणताही तर्क करू नये. मात्र ही नोंद करण्याच्या घाईत बाइट वाचणाऱ्या लूपमध्येच प्रत्येक बाइट पडद्यावर छापण्याची आज्ञा टाकली जाते, आणि तीच नवी चूक निर्माण करते. ११५२०० बॉडला, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट अशा मांडणीत, प्रत्येक बाइटसाठी १० बिट लागतात. म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो आणि अख्खे पॅकेट साडेअकरा मिलिसेकंदांत येऊन संपते. छापण्यात त्याहून जास्त वेळ गेला, तर लहान बफर असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर पुढचे बाइट हरवतात. म्हणून बाइट मेमरीतल्या अ‍ॅरेमध्ये साठवावेत आणि पॅकेट पूर्ण झाल्यावर, किंवा टाइमआउट झाल्यावर, एकत्र छापावेत.

त्याच वेळी त्रुटीचे संदेशही वेगळे करावेत. पहिला बाइट एसओएच नाही, क्रमांक आणि पूरक यांची बेरीज २५५ होत नाही, बाइट कमी आले, चेकसम जुळला नाही, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. अनेक प्रोग्रॅममध्ये त्या सगळ्यांना ‘चेकसम एरर’ असे एकच नाव दिलेले असते आणि मग बेरजेचा निर्दोष कोड तासन्‌तास तपासला जातो. चेकसम न जुळल्यास आलेला आकडा आणि आपण काढलेला आकडा, दोन्ही संदेशात छापावेत.

दुसरी पायरी: तारेला हात न लावता बेरीज तपासावी

पोर्ट, केबल आणि वेळेचे प्रश्न बाजूला ठेवून केवळ बेरजेचे फंक्शन घ्यावे आणि त्याला उत्तर माहीत असलेली माहिती द्यावी. ‘१’ ते ‘९’ या अंकांची आस्की अक्षरे क्रमाने दिली, तर त्यांची बेरीज ४७७ होते आणि चेकसम २२१ यायला हवा. ० ते १२७ हे बाइट क्रमाने भरलेल्या पूर्ण ब्लॉकचा चेकसम १९२ येतो.

इथे एक सापळा आहे. चाचणीसाठी पूर्ण ब्लॉक एकाच बाइटने भरण्याचा मोह होतो, परंतु १२८ ला कोणत्याही सम संख्येने गुणले की २५६ ची पट मिळते, आणि विषम संख्येने गुणले की बाकी १२८ उरते. म्हणजे अशा ब्लॉकचा चेकसम ० किंवा १२८ याशिवाय दुसरा येऊच शकत नाही. शून्यांचा ब्लॉक आणि ‘बी’ अक्षरांचा ब्लॉक या चाचणीला सारखेच दिसतात. असा ब्लॉक ‘पास’ झाला म्हणून फंक्शन बरोबर आहे असे समजू नये.

तिसरी पायरी: फरक वाचावा

बेरीज सुटी तपासल्यावर बरोबर येत असेल आणि पॅकेटमध्ये मात्र चुकत असेल, तर आपण काढलेल्या चेकसममधून आलेला चेकसम वजा करावा, आणि उत्तर ऋण आल्यास त्यात २५६ मिळवावेत. पाच-सहा ब्लॉकांचे असे फरक एकाखाली एक लिहिले की त्यांतली रीत दिसू लागते.

फरक प्रत्येक वेळी २५५ येत असेल, तर ब्लॉक क्रमांक आणि पूरक हे दोन्ही बाइट बेरजेत घेतले जात आहेत, कारण त्या दोघांची बेरीज नेहमी २५५ असते. फरक २५४, २५३, २५२ असा ब्लॉकागणिक एकेकाने उतरत असेल, तर फक्त पूरक बाइट आत शिरला आहे. १, २, ३ असा चढत असेल, तर फक्त क्रमांक. फरक नेमका आलेल्या चेकसमइतकाच असेल, तर लूप एक फेरी जास्त फिरून चेकसमचा बाइटही स्वतःच्या बेरजेत घेत आहे. ‘पेक्षा लहान’ च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ लिहिले गेले की हेच होते. आणि काढलेल्या व आलेल्या चेकसमची बेरीज दर वेळी २५६ येत असेल, तर समोरचे उपकरण बेरजेऐवजी तिचा टूज कॉम्प्लिमेंट, म्हणजे २५६ उणे बेरीज, पाठवत आहे. एक्समोडेममध्ये तसे नसते. फर्मवेअर मजकुराच्या रूपात साठवणाऱ्या इंटेल हेक्स फाइलीत मात्र असते, आणि दोन्ही एकाच प्रकल्पात वापरली की त्यांची फंक्शने एकमेकांच्या जागी जाऊन बसतात.

सर्वांत फसवी चूक या यादीत दिसत नाही, कारण तिचा फरक शून्य येतो. समजा, आपण सुरुवातीचे तिन्ही बाइट बेरजेत घेतले. एसओएचचा १, अधिक क्रमांक, अधिक २५५ उणे क्रमांक, म्हणजे एकूण २५६, आणि त्याची बाकी शून्य. बेरीज चुकीच्या जागेपासून सुरू होते, तरीही प्रत्येक ब्लॉक बिनतक्रार पास होतो. पुढे हाच कोड सीआरसी (बाइटांचा क्रमही पाहणारी, अधिक कडक पडताळणी) वापरण्यासाठी बदलला, की एकही ब्लॉक पास होत नाही आणि संशय मात्र नव्या सीआरसी फंक्शनवर जातो. चेकसमचा कोड चालत असला तरी बेरीज चौथ्या बाइटपासून सुरू होते ना, हे डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावे.

निम्मे ब्लॉक पास, निम्मे नापास

चूक अधूनमधून होते असे वाटते, पण तीच फाइल पुन्हा पाठवली की नेमके तेच ब्लॉक नापास होतात, अशी स्थिती असेल तर नापास ब्लॉकांचे चेकसम पाहावेत. ते सगळे १२८ किंवा त्याहून मोठे असतील, तर चिन्हासहित बाइटचा घोटाळा आहे. सी भाषेत नुसता ‘कॅर’ हा प्रकार चिन्हासहित मानायचा की चिन्हरहित, हे कंपायलरवर सोपवलेले आहे. इंटेल प्रोसेसरांवर तो सहसा चिन्हासहित असतो आणि एआरएम लिनक्सवर चिन्हरहित. त्यामुळे रास्पबेरी पायवर नीट चालणारा कोड लॅपटॉपवर अडखळतो. २२९ हा बाइट चिन्हासहित वाचला की −२७ होतो, आणि −२७ ची तुलना २२९ शी केली की ती अर्थातच जुळत नाही. बेरीज आठ बिटांवर कापल्यामुळे ती स्वतः बरोबर येते. चुकते ती तुलना. यावर उपाय म्हणजे सर्व बफर आठ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात जाहीर करणे. जावामध्ये बाइट नेहमीच चिन्हासहित असल्याने वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्याचा २५५ शी ‘अँड’ करावा लागतो. पायथनमध्ये हा त्रास नाही, पण तिथे पूर्णांकाला मर्यादाच नसल्याने बेरीज आपणहून कापली जात नाही. ती आपणच कापावी लागते.

पोर्ट बाइट बदलतो आहे का?

लिनक्सवर सिरियल पोर्ट उघडल्यावर तो मुळात टर्मिनलसारखा वागतो, म्हणजे माणूस पलीकडे टंकत आहे असे समजून काही बाइट बदलतो आणि काही गिळतो. नवोदित प्रोग्रॅमर ‘आयकॅनॉन’ (ओळ पूर्ण होईपर्यंत थांबणे) आणि ‘एको’ (आलेले बाइट परत पाठवणे) हे दोन पर्याय बंद करतात आणि पोर्ट कच्चा झाला असे मानतात, पण ‘आयसीआरएनएल’ आणि ‘आयएक्सऑन’ तसेच सुरू राहतात.

आयसीआरएनएल सुरू असेल तर आलेला प्रत्येक १३ हा बाइट १० होऊन आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून चेकसमचा फरक २५३, २५०, २४७ असा, म्हणजे तीन-तीनने कमी असलेला दिसला, तर त्या ब्लॉकात कॅरेज रिटर्न किती होते एवढेच तो सांगत असतो. माहितीत १३ हा बाइट नसेल, उदाहरणार्थ लिनक्सवर लिहिलेली साधी मजकुराची फाइल, तर प्रकार आणखी विचित्र दिसतो: पहिले बारा ब्लॉक सुरळीत जातात आणि तेराव्या ब्लॉकवर गाडी अडते. तिथे ब्लॉक क्रमांकच १३ आहे. तो १० झाला की पूरकाशी त्याची बेरीज २५५ होत नाही आणि कितीही वेळा पुन्हा पाठवले तरी होणार नाही. आयएक्सऑनचे तसेच आहे. १७ आणि १९ हे बाइट प्रवाह सुरू व बंद करण्याचे संकेत समजून काढून घेतले जातात, त्यामुळे सतराव्या ब्लॉकला एक बाइट कमी पडतो आणि टाइमआउट होतो. १९ आल्यावर तर आपला अ‍ॅकही पाठवण्यापूर्वीच थोपवून धरला जातो. पाठवणाऱ्या बाजूला ‘ओएनएलसीआर’ सुरू असेल, तर १० च्या जागी १३ आणि १० असे दोन बाइट जातात आणि पॅकेट लांबते.

नेहमी एकाच क्रमांकाच्या ब्लॉकवर अडणारी फाइल पाहिली, की आधी १०, १३, १७ आणि १९ हे आकडे आठवावेत. ‘सीएफमेकरॉ’ हे फंक्शन यांपैकी बहुतेक पर्याय एकदम बंद करते. आपल्या बाजूने असे थांबण्याचे संकेत पाठवणारा ‘आयएक्सऑफ’ मात्र वेगळा बंद करावा लागतो. विंडोजवर पोर्टाइतकेच फाइलीकडेही लक्ष द्यावे: फाइल बायनरी मोडमध्ये न उघडल्यास वाचताना ओळींच्या शेवटचे बाइट बदलतात आणि २६ हा बाइट आला की फाइल संपली असे समजले जाते. अशा वेळी चेकसम बरोबर येतो आणि फाइल चुकीची पोचते, कारण बदल बेरजेच्या आधीच झालेला असतो.

याच टप्प्यावर वाचण्याच्या फंक्शनचे परतमूल्यही तपासावे. १३२ बाइट मागितले म्हणजे १३२ मिळतात असे नाही. त्या क्षणी जेवढे आले असतील तेवढेच मिळतात. उरलेले बाइट येईपर्यंत लूपमध्ये वाचत राहावे लागते, अन्यथा बफरच्या शेवटी मागच्या पॅकेटचे बाइट राहतात आणि बेरीज त्यांचीही होते.

सीआरसी वापरत असल्यास

सुधारित एक्समोडेममध्ये एका बाइटच्या चेकसमऐवजी दोन बाइटांचा सीआरसी असतो आणि पॅकेट १३३ बाइटांचे होते. घेणारी बाजू नॅकऐवजी ‘सी’ हे अक्षर, म्हणजे ६७, पाठवून तशी मागणी करते. पाठवणाऱ्याकडून प्रतिसाद आला नाही, तर काही वेळाने ती नॅकवर येते, आणि इथे दोन्ही बाजूंची समजूत वेगळी होऊ शकते: एक १३३ बाइट पाठवते आणि दुसरी १३२ वाचते. ओळखण्याची खूण अशी, की पॅकेटनंतर एक बाइट शिल्लक राहतो आणि पुढच्या पॅकेटचा पहिला बाइट म्हणून वाचला जातो. ‘सी’ किंवा नॅक यांपैकी शेवटचे काय पाठवले होते, ते एका चलात ठेवावे आणि पॅकेटची लांबी त्यावरूनच ठरवावी.

सीआरसीची रीत अशी आहे: १६ बिटांचे रजिस्टर शून्यापासून सुरू करावे, प्रत्येक बाइट रजिस्टरच्या वरच्या आठ बिटांशी एक्सऑर करावा, नंतर आठ वेळा रजिस्टर एक बिट डावीकडे सरकवावे आणि बाहेर पडलेला बिट १ असेल, तर उरलेल्याचा ४१२९ शी एक्सऑर करावा. ‘१’ ते ‘९’ या अक्षरांसाठी उत्तर १२७३९ यायला हवे, हेक्समध्ये ३१सी३. याच बहुपदीचे, म्हणजे ४१२९ या आकड्याचे, इतर प्रकारही प्रचलित असल्याने चुकीच्या उत्तरावरूनही कारण कळते. १०६७३ आले, तर रजिस्टर शून्याऐवजी ६५५३५ पासून सुरू झाले आहे. ८५८५ आले, तर बिट उलट्या क्रमाने सरकवले आहेत. हा केर्मिट प्रोटोकॉलमध्ये वापरला जाणारा प्रकार आहे. ४९९६९ आले, तर गणित बरोबर आहे आणि दोन बाइटांची अदलाबदल झाली आहे, कारण एक्समोडेममध्ये वरचा बाइट आधी जातो. स्वतंत्र पडताळणी हवी असल्यास पायथनच्या बायनॅस्की मॉड्यूलमधले ‘सीआरसी_एचक्यूएक्स’ हे फंक्शन सुरुवातीचे मूल्य शून्य देऊन वापरावे. त्याचे उत्तर हेच येते.

चिन्हासहित बाइटचा घोटाळा इथेही भेटतो, फक्त वेगळ्या रूपात. आलेले दोन बाइट जोडताना खालचा बाइट १२८ किंवा अधिक असेल, तर चिन्ह पसरून वरच्या बाइटच्या जागी २५५ दिसतो. डम्पमध्ये वरचा बाइट वेगळा आणि जोडलेल्या आकड्यात २५५, असे दिसले की हेच कारण समजावे.

फक्त शेवटचा ब्लॉक नापास होत असल्यास

फाइलीची लांबी १२८ च्या पटीत नसेल, तर शेवटचा ब्लॉक २६ या बाइटने भरून पूर्ण करायचा असतो. भरण्याआधीच बेरीज केली, तर फक्त शेवटचा ब्लॉक नापास होतो. २६ ऐवजी शून्याने भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक चेकसममध्ये लपते, कारण शून्य मिळवून बेरीज बदलत नाही. सीआरसीमध्ये ती लगेच उघड होते.

चूक खरोखरच अनियमित असेल तेव्हा

तीच फाइल दोनदा पाठवल्यावर निरनिराळे ब्लॉक नापास झाले, तरच तारेकडे वळावे. दोन्ही बाजूंचे बॉड, पॅरिटी आणि स्टॉप बिट सारखे आहेत ना, ग्राउंडची तार जोडलेली आहे ना, आणि व्होल्टेजची पातळी एकच आहे ना, हे आधी पाहावे. बॉडचा आकडा दोन्हीकडे सारखा लिहिला म्हणजे वेग सारखा असतोच असे नाही: १६ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरला ११५२०० नेमका जमत नाही, साध्या मांडणीत तो साडेतीन टक्के मंद चालतो आणि दुप्पट गतीच्या मांडणीत दोन टक्क्यांहून थोडा जास्त वेगवान. ३८४०० ला हीच तफावत ०.२ टक्क्यांवर येते. म्हणून वेग कमी केल्यावर चूक थांबली, तर केबललाच दोष देण्याची घाई करू नये. घड्याळ आणि बफर हे दोन संशयित तितकेच बळकट आहेत. मायक्रोकंट्रोलर फ्लॅशमध्ये लिहीत असताना पुढचे पॅकेट येऊ लागले, तरी बाइट हरवतात, यासाठी लिहिणे पूर्ण झाल्यावरच अ‍ॅक पाठवावा.

एका चुकीनंतर सलग अनेक ब्लॉक नापास होत असतील, तर दोष नॅक पाठवण्याच्या वेळेत असतो. बिघडलेल्या पॅकेटचे उरलेले बाइट अजून येत असतानाच नॅक पाठवला, की ते बाइट नव्या पॅकेटची सुरुवात म्हणून वाचले जातात. लाइन एक सेकंद शांत होईपर्यंत येणारे सर्व बाइट वाचून टाकून द्यावेत आणि मगच नॅक पाठवावा. आपला अ‍ॅक वाटेत हरवल्यास तोच ब्लॉक पुन्हा येतो. त्याला अ‍ॅक द्यावा, पण तो फाइलीत दुसऱ्यांदा लिहू नये.

फाइल ताडून पाहणे

दोन्ही बाजू स्वतःच लिहिल्या असतील, तर दोघींत एकच चूक असू शकते आणि चेकसम तरीही जुळतो. म्हणून एक बाजू आपली आणि दुसरी एलआरझेडएसझेड या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या जुन्या, मुरलेल्या संचातली, अशी जोडी लावून पाहावी. शिवाय साधी बेरीज बाइटांचा क्रम पाहत नाही. ० ते १२७ हे बाइट उलटे पाठवले तरी चेकसम १९२ च येतो. त्यामुळे शेवटी पूर्ण फाइलींची तुलना करणे आवश्यक आहे.

ही तुलना करताना पोचलेली फाइल मूळ फाइलीपेक्षा १२७ बाइटांपर्यंत लांब असू शकते आणि म्हणून दोन्हींचे शा-२५६, म्हणजे पूर्ण फाइलीवरून काढलेला ठसा, जुळत नाही. हा दोष नव्हे, ती शेवटी भरलेल्या २६ ची शेपटी आहे. मूळ फाइलीची लांबी घेऊन पोचलेल्या फाइलीचे तेवढेच बाइट कापावेत आणि मग शा-२५६ काढावे. मागून २६ सापडत राहतील तोवर कापत जाण्याचा उपाय मात्र वापरू नये, कारण फर्मवेअरच्या फाइलीचा खरा शेवटचा बाइटही २६ असू शकतो.